नखाची खूण असलेला मणी

गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणतात. पण ते गाढव माझी सख्खी बहीण निघेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

ताईच्या पन्नाशीला मी तिला माळ करून दिली होती, हिरव्या काचेच्या मण्यांची. काचेच्या मण्याचं भोक आतून धारदार असतं, हळूहळू दोरा कापतं. म्हणून मी प्रत्येक भोक बारीक कानशीने घासते आणि दर दोन मण्यांमध्ये गाठ मारते. मागे, फाशाजवळ, कुणाला दिसणार नाही असा एक मणी मात्र माझ्या हातचा असतो. मातीचा, भाजलेला. ओला असताना त्यावर मी अंगठ्याचं नख दाबते. ती माझी सही.

लहानपणापासून ताई चांगलं म्हणाली तरच ते चांगलं, अशी मी. तिने डबी उघडून "वा!" म्हटलं आणि डबी मिटली, तेवढ्यावर मी मूर्खासारखी डोळे पुसत घरी आले होते. त्यानंतर माळ तिच्या गळ्यात एकदाही दिसली नाही. विचारलं की म्हणायची, "अगं, रोज घालते! आजच नेमकी काढून ठेवली." नेमकी! मी गेले की नेमकी.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक शिंपीण आहे. शिवणकामातून वेळ उरला की ती कानातली करते. मण्यांच्या बाबतीत आमचा व्यवहार वाटीला वाटी. तिने तिची वाटी द्यायची, मी माझी. निवडायचं नाही, परत मागायचं नाही, आणि आलेल्या मण्यांचं काहीतरी करून ते अंगावर घालून दाखवायचं.

परवा तिने शिलाई मशीनच्या फळीवर तिची वाटी ओतली. थोडी पितळी बटणं आणि बाकी सगळे हिरवे मणी. त्यातून एक मातीचा मणी घरंगळत माझ्याकडे आला. मी त्यावर अंगठ्याचं नख टेकवलं. खाचेत चपखल बसलं.

"हे कुठून आणलंस?"

"एक गिऱ्हाईक देऊन गेलं. कोट सैल करायला आली होती. म्हणाली, तुम्ही असलं काहीबाही ओवता ना, मग घ्या हे, घरात उगाच लोळतंय. फुकट मिळालं म्हणून घेतलं, पण उसवता उसवता जीव गेला गं! एवढ्या गाठी कोण मारतं?"

म्हणजे माझ्या गाठींची दखल घेतली ती उसवणारीने.

"दिसायला कशी होती?"

"उंच. हनुवटीवर तीळ. आणि आधी हसते, मग बोलते. ओळखीची आहे?"

"आहे असं वाटायचं."

तळपायाची आग मस्तकात गेली. लोळतंय! नको होती तर तोंडावर सांगायचं होतं. परत दिली असती तरी चाललं असतं. पण रोज घालते म्हणायचं आणि शिंपिणीच्या टेबलावर टाकून यायचं? खरी हकिगत कळल्यावर शिंपीणही भडकली. "हे सगळं ने आणि तिच्या अंगावर फेक," म्हणाली.

"फेकते कशाला? नियम म्हणजे नियम. करणार आणि घालणार."

रागात हात चांगला चालतो, हे मला तेव्हा कळलं. मण्यांमध्ये पितळी बटणं ओवली, गाठी पहिल्यापेक्षा घट्ट मारल्या. आणि नखाचा मणी या वेळी मानेमागे दडवला नाही. पुढे, बरोबर मधोमध घेतला. माळ घालून तडक ताईकडे गेले.

तिने दार उघडलं, आधी हसली. "अय्या, काय सुंदर आहे गं! कुठल्या दुकानातून घेतलीस? हाताने केलेली वाटतच नाही. बघू, मला कशी दिसते?"

मी माळ उतरवून दिली. ती दाराजवळच्या आरशासमोर उभी राहिली, मी मागून फासा लावला.

"हा मधला मणी तर किती गोड आहे!" ती मान वळवत म्हणाली. "खरंच, कुठे मिळाली?"

"मैत्रिणीशी अदलाबदल केली. तिला कुणीतरी फुकट देऊन टाकली होती. म्हणे, घरात उगाच लोळत होती."

"असली माळ? कोण गं ती करंटी?"

"समोर बघ ना, ताई."

सवयीने ती आधी हसली. मग तिचा हात मधल्या मण्यावर गेला, आणि नखाच्या खाचेवर बोट येताच थांबला. मी फासा काढला, माळ तिच्या गळ्यातून उचलली आणि माझ्या गळ्यात घातली.

"कोट नीट सैल झाला का?" मी विचारलं आणि चपला घातल्या.