चार हजार सातची मुलाखत

नरसिंहकाकांनी केंद्र सरकारच्या नोकरीत पस्तीस वर्षं काढली होती, आणि त्या काळात मुलाखत घेतल्याशिवाय त्यांनी साधा शिपाईसुद्धा नेमला नव्हता. गाडीच्या हॉर्नची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या रिलेवर बसवायचा डायोड ते नुसता उचलून आणतील, अशी अपेक्षा करणंच चूक होतं.

ती चूक केली होती हेरंबने. फरीदाबादला काकांच्या वरच्या खोलीत राहून तो परीक्षांचा अभ्यास करत होता. उद्या सकाळी नऊला त्याची लोकसेवा आयोगात मुलाखत होती. तिसरी आणि शेवटची. आधीच्या दोन्ही वेळा पॅनेलसमोर त्याची दातखीळ बसली होती. एकदा तर स्वतःच्या जिल्ह्याचं नावही आठवेना. उद्या काका त्याला गाडीने नेणार होते. पण हॉर्न मुका झाला होता, आणि बिनहॉर्नच्या गाडीने दिल्लीत शिरायला काका तयार नव्हते.

दुखणं कळलं होतं. हॉर्नचं बटण सोडलं की रिलेच्या कॉइलमधून शेकडो व्होल्टचा झटका उलटा यायचा. त्याने बटणामागचं सर्किट दोनदा जळलं होतं. सर्किट नवं आणलं, आता कॉइलला समांतर एक डायोड, म्हणजे करंटला एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, जोडायचा, एवढंच काम उरलं होतं.

जेवणाच्या टेबलामागे काका अध्यक्ष म्हणून बसले. शेजारी सदस्य म्हणून नऊ वर्षांची नात क्षिप्रा. समोरच्या खुर्चीवर घडी घातलेला रुमाल, त्यावर तीन डायोड आणि तीन पेले पाणी.

"पण आजोबा, हे बोलणार कसे?"

"प्रतिनिधी चालतो. हेरंब, त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बस."

"काका, मला उजळणी करायचीय."

"उमेदवाराने आधी नमस्कार करायचा असतो."

हेरंबने हात जोडले. पहिला होता काचेचा, चिमुकला.

"अंगात किती बळ?" काकांनी विचारलं.

"चपळ आहे सर," हेरंब त्याच्या वतीने म्हणाला, "पण कॉइलचा करंट सोसणं माझ्या अगदी काठावरचं आहे."

"पुढचा!"

दुसरा जाडजूड होता. "सहा अँपिअर, सर. पण माझे पाय सॉकेटमध्ये मावत नाहीत."

"याला दिल्लीबाहेर पोस्टिंग द्या," क्षिप्रा म्हणाली आणि काकांनी ते खरंच लिहून घेतलं.

तिसरा चार हजार सात नंबरचा. काळा, एका टोकाला पांढरा पट्टा.

"हॉर्न वाजत असताना तू काय करतोस?" क्षिप्राने विचारलं.

"काहीच नाही मॅडम. गप्प बसतो."

"अच्छा? मग तुला घ्यायचं कशाला?"

"बटण सुटलं की कॉइलमधला करंट अडतो आणि चवताळतो. मी त्याला कॉइलमध्येच गोल फिरायला वाट देतो. फिरून फिरून तो थंड होतो."

"आणि तुला उलटा बसवला तर?" काका पुढे झुकले.

"तर बटण दाबताच सगळा करंट माझ्यातूनच पळेल आणि फ्यूज उडेल. पांढरा पट्टा प्लसकडेच हवा, सर."

"बिल्कुल!" काकांनी सही केली. बाकीच्या दोघांना खेदपत्रं लिहिली, आणि मगच सोल्डरिंगची बंदूक तापवली.

सकाळी हॉर्न खणखणीत वाजला. आयोगात मात्र अध्यक्षबाईंनी विचारलं, "जिल्ह्यात सगळं सुरळीत चालू असेल, तर तुम्ही काय कराल?" आणि हेरंबच्या जिभेला कुलूप लागलं. समोर पाण्याचा पेला होता. तो पेला बघताच आपण रुमालावर बसलो आहोत असं त्याला वाटलं.

"काहीच नाही मॅडम. गप्प बसेन."

सगळ्यांची पेनं थांबली.

"पण एखादी गोष्ट अचानक बंद झाली की अडलेला जोर कुठेतरी फुटतो. तो थंड होईपर्यंत त्याला फिरायला वाट करून देणं, हे माझं काम."

त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. त्याने त्याचंही उत्तर दिलं. त्याच्या पुढच्याचंही.

बाहेर काका गाडीत वाट पाहत होते. "बोललास?"

"अर्धा तास, काका!"

काकांनी गाडी सुरू केली नाही. त्यांचा चेहरा गंभीरच होता. "आणि उलटा नाही ना बसलास? तोंड कुणीकडे होतं?"

"अध्यक्षांकडे."

"मग ठीक," काका म्हणाले, आणि त्यांनी समाधानाने हॉर्न वाजवला.