परक्या हातची लॅम्ब्रुस्को

योले म्हातारीने सुपाचा वाडगा उचलला आणि लेकीच्या समोरून लुमिनित्साकडे सरकवला. "तू ओत."

लुमिनित्साने लॅम्ब्रुस्कोची बाटली तिरकी केली. लाल वाइन कढत सुपात पडली, गुलाबी फेस वर आला आणि त्यात तोर्तेल्लिनी दिसेनाशा झाल्या. म्हातारीने वाडगा तोंडाला लावून डोळे मिटले. "हिचा हात मोजका आहे," ती म्हणाली.

त्या तोर्तेल्लिनी विल्माने, तिच्या लेकीने, पहाटे उठून सारण भरून एकेक वळल्या होत्या. डुकराच्या पायात खिमा भरून ते शिवायच्या कारखान्यात तिचा जन्म गेला होता. आईच्या सुपात वाइन घालायचं काम आधी वडिलांचं. ते गेल्यावर तिचं. पण आईने कायम खोटच काढली. फार ओतलीस, कमी ओतलीस, सूप निवल्यावर ओतलीस. आणि मोल्दोव्हाहून आलेली ही बाई, आईला सांभाळायला विल्मानेच ठेवलेली, वर्षभरात मोजक्या हाताची ठरली.

 जेवणानंतर लुमिनित्सा आईचे केस विंचरत होती आणि आई तिला काही सांगून हसत होती.  निघताना विल्माने लुमिनित्साला जिन्यात गाठलं. डॉक्टरांनी आईची वाइन बंद केलीय म्हणाली. आईला मात्र तसं सांगायचं नाही, ती डॉक्टरांशी भांडेल. दुकानात मिळाली नाही म्हणायचं.

"बरं, ताई," लुमिनित्सा म्हणाली.

पुढच्या रविवारी विल्मा आली तेव्हा लुमिनित्सा न्योक्को तळत होती. लाटलेल्या पिठाचे तुकडे डुकराच्या चरबीत टम्म फुगत होते. त्यावर मोर्तादेल्ला सॉसेजचे काप ठेवायचे. असलं ओशट खाणं लॅम्ब्रुस्कोशिवाय घशाखाली उतरत नाही, हे लॅम्ब्रुस्कोच्या या गावात, मोदेनात, शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

म्हातारीने ताटली दूर सारली. "आठवडा झाला, दुकानात लॅम्ब्रुस्को नाही म्हणे. मोदेनात. आता हीसुद्धा खोटं बोलायला लागली."

लुमिनित्सा पाठमोरी तळत राहिली. एका शब्दात तिची सुटका झाली असती, पण तो तिने उच्चारला नाही. विल्माला हेच तर हवं होतं. तरी तिचं ते गप्प राहणं विल्माला त्या मोजक्या हाताहून जास्त बोचलं.

"मीच सांगितलं होतं तिला," विल्मा म्हणाली. "डॉक्टर काही बोललेले नाहीत."

"का गं?"

"तिचं सगळं तुला गोड लागतं. माझ्या हातच्याला कधी एकदा तरी बरं म्हणालीस?"

आईने ताटली पुन्हा पुढे ओढली. "घरच्या माणसाला कोण बरं म्हणतं? तू कुठे जाणार आहेस? ही परकी. हिला रोज चांगलं म्हटलं नाही, तर उद्या बॅग भरून निघून जाईल."

लुमिनित्साचा झारा थांबला. विल्माला बरं वाटलं. अगदी आतून बरं वाटलं.

लुमिनित्साने शेवटचे तुकडे टेबलावर आणून ठेवले. वरच्या फळीवरून बाटली काढून ती विल्मापुढे ठेवली. मग हात धुऊन कोट चढवला. रविवारची दुपार तिच्या सुट्टीची असे. "संध्याकाळी येते, आजी," ती कुणाकडेही न बघता म्हणाली.

म्हातारीने एक तुकडा मोडून तोंडात टाकला. "लुमी, आज जाड लाटलेस. आत कच्चे राहिलेत."

लुमिनित्सा दारात थबकली. तिच्या हातच्या कशालाही या घरात कुणी कधी नावं ठेवली नव्हती. "पुढच्या वेळी पातळ लाटते," ती म्हणाली. तिने दार हळूच ओढून घेतलं.

विल्माने एक तुकडा चाखला. तो पातळ होता, कुरकुरीतही होता. तिने आईच्या पेल्यात लॅम्ब्रुस्को ओतली. फेस काठावरून ओघळून टेबलावर सांडला.

आईने घोट घेतला, ओठ पुसले.

"छान ओतलीस हो," ती म्हणाली.