वानरं कुठे बघतात

हनुमान जयंतीला अंजनेरीच्या डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते. सत्त्याहत्तर सालीही नव्हती. नाशिकहून सुटलेल्या जादा एसट्या पायथ्याशी रिकाम्या होत होत्या, आणि माणसांची रांग तिथूनच डोंगराला लागत होती. मी चौथीची मुलं घेऊन गेलो होतो, दर्शनापेक्षा वानरं बघायला. शाळेतल्या शिपाई सुलाबाई सोबत होत्या. त्यांना हे मुळीच पटलेलं नव्हतं.

"गुरुजी, वानरंच बघायची तर वर्गात काय कमी हायेत?" त्या म्हणाल्या, आणि सगळी एसटी हसली.

चढताना एका सावलीत मुलांना बसवलं. म्हटलं, "वानराकडे नुसतं बघायचं नाही. ते कुठे बघतंय ते बघायचं. माणसाकडे बघत असेल तर त्याची नजर आपल्या हातावर असते, खायला काय आहे म्हणून. पण सगळीच्या सगळी एका जागी बघायला लागली, कोणी खाईना, कोणी खाजवेना, तर समजायचं, तिथे बिबट्या आहे."

"दिसला नाही तरी?" सिंधूने विचारलं. ही वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी. घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून धाकट्या भागीला बरोबर घेऊन आली होती. भागीला अजून शाळा नव्हती. पिवळा झगा घालून ती रांगेच्या शेवटी चालायची आणि दर दहा पावलांवर पिसं वेचायला थांबायची.

"दिसला नाही तरी," मी म्हटलं. "त्याला दिसायचं नसतंच."

वर पठारावर गर्दीत वानरं मनसोक्त बघितली. एकाने सुलाबाईंच्या हातातली भाकरी पळवली, तेव्हा त्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि लगेच, आज मारुतीचा दिवस आहे हे आठवून, गालावर चापट्या मारून घेतल्या.

उन्हं कलल्यावर उतरायला लागलो. तिथे घळीत कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत. एका बाजूला उभी दरड, दुसऱ्या बाजूला कडा. कड्याखाली पुरुषभर अंतरावर करवंदीच्या जाळ्यांनी भरलेली एक अरुंद पट्टी पायऱ्यांना धरूनच खाली उतरते. चढणारे आणि उतरणारे एकमेकांना घासून जात होते. कोणी जोरात हलला असता तरी चारजण खाली गेले असते.

घळीच्या पलीकडे उंबरावर वानरांचा मोठा कळप बसला होता. एकच "खॅक्" आवाज आला. मग काही नाही.

आमच्या मागे पंचवटीतले खंडेराव नावाचे गृहस्थ होते. सकाळपासून ते वानरांना फुटाणे वाटत चालले होते. त्यांनी मूठभर फुटाणे पलीकडे भिरकावले. ते पानांवर टपटपले. एकाही वानराने हात हलवला नाही.

"बघा मास्तर!" खंडेरावांनी हात जोडले. "आज खात नाहीत. मारुतीची सेना आपलं दर्शन घेते आहे!"

पायऱ्यांवर हळूहळू सगळ्यांनी हात जोडले. कोणीतरी जयजयकार केला. पलीकडे काळी तोंडं तशीच स्थिर होती.

ती आमच्याकडे बघत नव्हती. आमच्या पायांच्या जरा खाली बघत होती.

भागी पीस उचलायला वाकली. पलीकडची सगळी डोकी थांबली. ती उठून चालायला लागली, तशी सगळी डोकी तिच्याबरोबर हळूहळू वळली. ती पुन्हा थांबली. डोकी पुन्हा थांबली. शंभर-सव्वाशे माणसं त्या वाटेवर होती, ढोल वाजत होता, आणि त्या सगळ्यांतून कोणीतरी हिलाच निवडली होती.

मी मागे गेलो आणि भागीला खांद्यावर घेतलं. तिच्याबरोबर वानरांची नजर वर आली नाही. ती तिथेच राहिली, माझ्या चपलांच्या खाली, जाळीत. मी दोन पायऱ्या उतरलो. नजर दोन पायऱ्या उतरली.

ओरडावं तर घळीत चेंगराचेंगरी. बिबट्या हा एक शब्द पुरला असता. न ओरडावं तर माझी बाकीची मुलं कड्याच्या बाजूला, कोणी वाकतंय, कोणी बसतंय. वाकलेलं मूल त्याला शेळीएवढंच वाटतं. मला काही सुचेना.

तेवढ्यात सिंधूने पलीकडे पाहिलं. मग माझ्या पायांकडे. मग माझ्या तोंडाकडे. तिचा चेहरा पांढरा पडला. आता ही किंचाळणार, असं वाटून मी मान हलवली.

ती किंचाळली नाही. छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली, "बे एके बे!"

मुलांना सवयच होती. "बे दुणे चार!" सगळा वर्ग गर्जला.

"दरडीकडून चाला रे!" मला वाचा फुटली. "हातात हात! जो वाकेल तो बाद! बे त्रिक?"

"सहा!"

"या उन्हात पाढे?" सुलाबाई म्हणाल्या. "गुरुजी, पोरांना देवाच्या दारात तरी सुट्टी द्या की!"

"बाई, तुम्हीही म्हणा. जोरात."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्यांनी पुढे थट्टा केली नाही. "बे चोक आठ" त्यांनीच सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. वर चढणारी माणसं हसत बाजूला होत होती. माझ्या डोक्याशी भागी टाळ्या वाजवत होती. पलीकडची तोंडं आमच्याबरोबर एकेक पायरी उतरत होती.

शेवटच्या वळणानंतर घळ रुंद होते. तिथला वानरांचा कळप मजेत फुटाणे खात होता, एक पिल्लू आईच्या शेपटीला लोंबकळत होतं. मी भागीला खाली ठेवलं.

सुलाबाईंबरोबर मुलं एसटीकडे पाठवून मी पायथ्याच्या हवालदाराला सगळं हळूच सांगितलं. तो हसला. "मारुतीच्या दिवशी? काय गुरुजी!" पण वर जाणारी माणसं त्याने थांबवली. घळीतून अजून लोक उतरत होते, आणि त्यांच्या पोरांनी आमचा खेळ उचलला होता. अनोळखी आवाजांत पाढा खाली येत होता. बे पंचे दहा, बे सक बारा. का म्हणतो आहोत ते त्यांतल्या कोणालाच माहीत नव्हतं. मध्येच एकदा तो बंद पडला. ढोलही थांबलेला. मी घळीकडे बघत राहिलो. मग कोणीतरी बाई हसली, आणि "बे साती चौदा" ऐकू आलं. शेवटचा माणूस उतरेपर्यंत मी तिथून हललो नाही.

दुसऱ्या दिवशी गावातल्या बहिरूला घेऊन त्या पट्टीवर गेलो. फुफाट्यात पंजे उमटले होते, पायऱ्यांना धरून सरळ खाली. भागी जिथे वाकली होती, त्याच्या बरोबर खाली गवत दबलेलं होतं आणि पुढचे दोन पंजे कातळाकडे वळलेले होते. बहिरू म्हणाला, "गुरुजी, हा झेपेला बसला व्हता."

सोमवारी सिंधूला जवळ बोलावलं. म्हटलं, "तुला भीती नाही वाटली?"

"वाटली."

"मग पाढा कसा सुचला?"

ती पाटीचा कोपरा नखाने खरवडत राहिली. "तुम्ही सांगितलं होतं ना, वानरं कुठे बघतात ते बघा. सगळी खाली बघत होती, गुरुजी. फक्त तीन म्हातारी वानरं नव्हती बघत."

"ती कुठे बघत होती?"

"वर. आपल्या डोक्यावरच्या दरडीकडे. तीपण आपल्याबरोबर मान वळवत होती." तिने माझ्याकडे पाहिलं. "म्हणून मी एवढ्या मोठ्यांदा म्हटलं. दोघांनाही ऐकू जावं म्हणून."