खालून येणारा आवाज

त्या दिवशी गाडीच्या आधी गाडीचा आवाज गल्लीत शिरला. ठक्, ठक्, ठक्, जसं कुणी बंद पेटीत आतून मुठी आपटतंय. समोरच्या टायरवाल्याचा हात चाकावरच थांबला. त्याच्याकडे पंक्चर काढायला आलेल्या माणसाने मान वळवली. पत्र्यावर झोपलेलं मांजर उठून निघून गेलं. गल्लीत एकच माणूस तेवढा खाली वाकून एका कार्बोरेटरशी लाडीगोडी करत राहिला, आणि तो होता गॅरेजचा मालक. त्याला सगळे कानसेन म्हणत.

हे नाव त्याने काही फुकट मिळवलेलं नव्हतं. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. लोक श्वास रोखून उभे राहत. मग तो डोळे उघडून सांगे, पंपाचं बेअरिंग गेलं, नाहीतर पट्टा सैल आहे, नाहीतर काही नाही, घरी जा, तुमचं मन आवाज करतंय. आणि उघडून बघावं तर तसंच निघे. तरुणपणी तो म्हणायचा की इंजिन खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो गाडी विकणारा.

पण कान जातात तेव्हा सांगून जात नाहीत. ओढा आटतो तसे आटतात. रोज पाणी भरणाऱ्याला कळतच नाही की काल इथवर होतं, आज तिथवर आहे. आधी पाखरं गेली. मग दुसऱ्या खोलीतलं बोलणं गेलं. मग इंजिनातले आवाज एकमेकांत मिसळले; हलके, जड, वरचे, खालचे, सगळे एकाच गोधडीखालून आल्यासारखे. त्याने कुणाला सांगितलं नाही. ओठ बघायची सवय लावून घेतली, आणि जिथे ओठ दिसत नाहीत तिथे "हं, कळलं, कळलं" म्हणायची. पेचकस मात्र अजून कानाला लावायचा. डोळे अजून मिटायचा. नुसत्या अंदाजाने सांगायचा, आणि इतक्या वर्षांचा अंदाज तो, बहुतेक वेळा बरोबर यायचा.

बहुतेक वेळा.

टायरवाल्याने त्याच्या खांद्यावर थाप मारली तेव्हा तो वळला. दारात ताईची गाडी उभी होती. ताई, म्हणजे त्याची थोरली बहीण, उशीवर बसून चालवायची, नाहीतर तिला पुढचं दिसायचं नाही. गल्लीत मुलं म्हणत, उशी गाडी चालवते, बाई नुसती बसते. पण याच गाडीवर तिने गावभरच्या बायकांना गाडी शिकवली होती. शिकवणाऱ्याच्या बाजूला ब्रेकचं जादा पेडल होतं, ते दाजींनी स्वतःच्या हाताने बसवलेलं. दाजी गेले, पेडल राहिलं. चाळिशीच्या, पन्नाशीच्या बायका यायच्या, स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरायच्या, आणि ताई शेजारी बसून म्हणायची, "घाबरू नको गं, तू चुकलीस तर माझा पाय आहे." दुसऱ्या गाडीवर ती कधी शिकवायला बसलीच नव्हती.

"बंद करा आधी!" टायरवाला ओरडला. "फुटेल ती!"

ताईने किल्ली फिरवली. मग शांतता झाली, तीसुद्धा कानसेनाला उशिराच जाणवली.

"लहान्या," ती खाली उतरत म्हणाली. केस पांढरे झाले तरी तो तिचा लहान्याच होता. "आता तो लाल दिवा मिचकावत नाही रे. लागूनच राहतो. चालत्या गाडीत लागून राहतो. आज शिकायला आलेली बाई मधेच उतरली. म्हणाली, बाई, तुमच्या गाडीला धाप लागलीय, तिला आधी डॉक्टरकडे न्या."

 ती मागच्या खेपेलाही आली होती, आणि तेव्हा काय झालं होतं ते त्याला शब्द न् शब्द आठवत होतं.

तेव्हाही ती म्हणाली होती, "आवाज खालून येतोय. जड आहे. आणि सिग्नलला थांबले, इंजिन तापलेलं असलं, की तेलाचा दिवा डोळा मारतो." त्याने पेचकस लावला. डोळे मिटले. गोधडीखालून काहीतरी टकटकलं. या गाडीचे टॅपेट, इंजिनाच्या माथ्यावर झडपा हलवणारे, नेहमीचेच कुरकुरे. तो म्हणाला, "टॅपेट आहेत." ती म्हणाली, "वरून नाही रे, खालून येतोय." तेव्हा गॅरेजात दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. तो त्यांच्याकडे बघून म्हणाला होता, "इंजिनाचं वर कुठलं आणि खाली कुठलं, ते मी ठरवू की तू?" सगळे हसले. ताईही हसली होती.

मग त्याने टॅपेट नीट केले, तेलाचा दाब घटला की दिवा लावणारं इंजिनावरचं बटण खराब असेल म्हणून नवं बसवलं, आणि जाड तेल भरलं. जाड तेलाने आवाज दबला, दिवा विझला. तेलाचा दाब मोजायचं गेज तिथेच कपाटात पडलेलं होतं. ते लावायला वेळही लागला नसता. पण आयुष्यभर ज्याने गेजवाल्यांची टिंगल केली, त्याने चारचौघांत गेज काढणं म्हणजे काठी टेकत चालणं होतं.

आज त्याने कपाट उघडलं.

दिव्याचं बटण काढून त्या जागी गेजची नळी फिरवून बसवली. "लाव," तो म्हणाला, "पण थोडाच वेळ." ताईने किल्ली फिरवली. गल्ली पुन्हा ठकठकली. गेजचा काटा जागचा जरासा हलला आणि म्हाताऱ्या माणसाने उठायचा प्रयत्न करून पुन्हा बसावं तसा बसला. दिवा खरं बोलत होता. पहिल्यापासून खरंच बोलत होता.

"बंद."

पुढची परीक्षा त्याने एकट्याने करायची म्हटली असती तरी जमली नसती. "ताई, इकडे ये," तो म्हणाला. "मी एकेका प्लगची वायर काढतो. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर आवाज कमी होईल, दुखणं त्याच्याखाली. तू सांग."

तिने त्याच्याकडे क्षणभर नीट बघितलं.  पदर खोचून बॉनेटखाली वाकली. टायरवाल्याने किल्ली फिरवली.

पहिली वायर निघाली. "तसाच," ताई म्हणाली. दुसरी. "तसाच." तो इंजिनाकडे बघतच नव्हता, तिच्या ओठांकडे बघत होता. तिसरी निघाली, आणि ओठांच्या आधी तिचा चेहराच बोलला.

"पडला," ती म्हणाली. "एकदम बारीक झाला. लहान्या, इथेच आहे."

त्याला पेचकसाची गरजच पडली नाही. तिच्या कानाने त्याला इंजिन आरपार दिसलं.

दुपार गाडीखाली झोपून गेली. इंजिनाच्या बुडाशी तेल साठवणारं चेंबर असतं, ते त्याने उतरवलं. तळाशी तेलात चमक होती. हातावर घेतलं तर बारीक चुरा, कुणी बांगड्या कुटून टाकल्यासारखा. तिसऱ्या सिलिंडरच्या दांड्याचं बेअरिंग काढलं. पातळ कवचासारखं ते बेअरिंग, त्याचा मऊ थर पार झिजून तांबं उघडं पडलेलं. आणि त्याखाली क्रँक, ज्यावर सगळं इंजिन फिरतं, तो ओरबाडलेला. त्याने नख फिरवलं. नख अडकलं. पुन्हा फिरवलं, जणू दुसऱ्यांदा अडकणार नाही.

क्रँक ओरबाडला तर घासून गुळगुळीत करता येतो. पण हा याआधीच घासून शेवटच्या मापाला आणलेला होता, आणि तेही त्याच्याच हातचं काम. आता घासायला मांस उरलं नव्हतं. या जातीचा क्रँक बाजारातून कधीचा गेला होता. त्याने स्वतःच दुसऱ्या एका गिऱ्हाइकासाठी भंगारवाल्यांचे उंबरे झिजवले होते आणि रिकाम्या हाताने परत आला होता.

मागच्या खेपेला उघडलं असतं तर? तर क्रँक शाबूत होता. नवी बेअरिंग बसवायची, चेंबर लावायचं, आणि ताई संध्याकाळी शिकवायला निघाली असती. एवढंच तर काम होतं. एवढंसं काम.

तो बाहेर आला तेव्हा ताई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर उशी. टायरवाल्याने त्याचा चेहरा बघितला आणि कळवळून म्हणाला, "जुनी झाली हो गाडी. तिचंही वय झालंच ना. कानसेन तरी काय करणार?"

केवढं सोपं वाक्य होतं. आयतं हातात आलेलं. नुसतं "हो ना" म्हटलं की झालं. गाडी म्हातारी होऊन गेली, आणि म्हातारं होण्यात कुणाचा दोष नसतो.

कानसेनाने हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिला.

"वयाने नाही गेली, ताई," तो म्हणाला. "तू म्हणालीस तेच होतं. खालूनच होता आवाज. तेव्हा उघडली असती तर वाचली असती. मी..." त्याने टायरवाल्याकडे बघितलं, मग बघायचं सोडून दिलं. "मला ऐकूच आला नाही. मला नीट ऐकूच येत नाही."

टायरवाला हळूच आपल्या दुकानाकडे वळला.

"माहीत आहे मला," ताई म्हणाली.

त्याने तिच्या ओठांवरचं ते वाचलं आणि त्याला वाटलं आपण चुकीचं वाचलं.

"माझ्या घरी कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता," ती म्हणाली, "आणि तू शेजारी बसून पेपर वाचत होतास. भात करपला तेव्हा वासाने उठलास. त्या दिवशी कळलं मला."

"मग दुसरीकडे का नाही नेलीस गाडी?"

"कुठे नेऊ?" ती एकदम उसळली. "तुझी बहीण दुसऱ्याच्या दारात बॉनेट उघडून उभी राहिली असती, तर ही गल्ली काय बोलली असती? तुझ्याकडे गिऱ्हाईक आलं असतं उद्या? म्हटलं, लहान्या टॅपेट म्हणतोय ना, मग टॅपेट. मीही हसले सगळ्यांबरोबर. आणि गाडी घेऊन गेले." तिचा आवाज खाली आला. "रोज ऐकत होते रे. रोज वाढत होता. लक्ष तिकडे जाऊ नये म्हणून आरसा फिरवायचे, रेडिओ मोठा करायचे."

 एकाने स्वतःची अब्रू राखली, दुसरीने त्याची अब्रू राखली, आणि मधल्या मधे ती बिचारी गाडी दिवा लावून लावून सांगत राहिली. कानसेनाला वाटलं, ती रागावली असती तर बरं झालं असतं. मागच्या वेळी चारचौघांत भांडली असती, बॉनेटवर हात आपटून म्हणाली असती की गाढवा, उघड! पण भांडायला समोर जागा लागते, आणि त्याने ती सगळ्यांना हसवून बंद केली होती.

"दाजींचं पेडल काढून देऊ का?" त्याने विचारलं.

"कुठे बसवू? शिवणयंत्राला आधीच एक आहे."

तो हसला नाही. तीही हसली नाही. उठून गाडीकडे गेली, दार उघडलं, आतलं सामान पिशवीत भरायला लागली: कंगवा, काच पुसायचं फडकं, कुणा विद्यार्थिनीचा विसरलेला चष्मा, अर्धी पाण्याची बाटली. पाठ त्याच्याकडे होती. भरता भरता ती काहीतरी बोलली. तिचे खांदे हलले, म्हणून त्याला कळलं की बोलली.

जिभेवर आलंच होतं: हं, कळलं, कळलं.

"ताई," तो म्हणाला, "ऐकू नाही आलं. परत सांग."

ती वळली. पिशवी हातात तशीच. त्याच्याकडे बघत राहिली. मग छाती भरून श्वास घेतला आणि गाडीवर नव्या बसलेल्या बाईला ब्रेक मारायला सांगावं तशा खणखणीत आवाजात म्हणाली,

"म्हटलं, मला फार वाईट वाटतंय! गाडीचं फार वाईट वाटतंय!"

समोर टायरवाल्याने मान खाली घातली.

"हो," कानसेन म्हणाला. "आलं ऐकू."