बारा फेऱ्यांची पायरी

अख्खा बाजार त्याला क्रेन म्हणायचा. तो राहायचा त्या इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि तिन्ही मजल्यांवरचे फ्रीज, कपाटं, पलंग, सगळं काही त्याच्याच पाठीवरून वर चढलं होतं. मग एके दिवशी दुसऱ्याच कुठल्यातरी जिन्यावर एक लोखंडी कपाट त्याच्या अंगावर आलं आणि कमरेखालचं शरीर त्याचं ऐकेनासं झालं. त्याला आता दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून क्रेन तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीपाशी बसून होता आणि बायको त्याला कुशीवर वळवायची, उठवायची, खुर्चीत बसवायची. ती अंगाने काडी, तो नव्वद किलो. दर वेळी तो विचारायचा, "जड झालो का गं?" आणि दर वेळी ती धाप गिळून म्हणायची, "छे हो, काहीतरीच!" खोटं बोलायचंच तर चाचरू नये, असं तिचं मत होतं.

त्याला खाली न्यायला माणसं कमी नव्हती. जुने सोबती यायचे, "चल, चौघं मिळून उचलतो," म्हणायचे. पण हा हट्टाला पेटलेला. "चौघांच्या खांद्यावरून एकदाच जायचं असतं," म्हणायचा. "ही एकटी नेईल तर येईन. नाहीतर मी बरा आणि माझी खिडकी बरी."

ही अट म्हणजे सरळ सरळ नकार होता, आणि बायकोला तो कळत होता. पण गेल्या महिन्यात त्याने खुर्चीसुद्धा खिडकीकडे पाठ करून ठेवायला लावली, तेव्हा मात्र तिला राहवेना. ती स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली, तोंड धुतलं आणि तडक दिराच्या वर्कशॉपमध्ये गेली.

दीर सामान वाहायच्या ट्रॉल्या बनवायचा. "भाऊजी," ती म्हणाली, "पोती वाहणाऱ्या ट्रॉल्या पुष्कळ केल्यात. आता मला एकटीला तुमच्या दादांना खाली नेता येईल अशी एक करा."

"वहिनी, सपाटीवर कुणीही नेईल हो. जिन्यावर घोडं पेंड खातं."

"मग त्या घोड्याचं बघा," ती म्हणाली आणि उठून निघून आली.

तीन आठवड्यांनी दीर ट्रॉली खांद्यावर मारून घामाघूम होत वर आला. ट्रॉलीला एक खुर्ची जोडलेली होती, पट्टे होते. खाली दोन्ही बाजूंना एकेक चाक असायला हवं, तिथे तीन-तीन छोटी चाकं होती, त्रिकोणाच्या टोकांवर बसवलेली. आणि पाठीमागे, मुठीच्या बाजूला, एक फिरवायचा दांडा.

"जुन्या चेन-पुलीतला गिअर काढून बसवलाय," तो म्हणाला. "चेन-पुलीने उचललेलं इंजिन साखळी सोडली तरी लटकतं तिथेच राहतं की नाही? तसंच हे. दांड्याचे बारा फेरे मारले की त्रिकोण एक घर फिरतो, पुढचं चाक पुढच्या पायरीवर टेकतं. मध्येच हात सोडलात तरी जागेवर. खाली काय, वर काय, सारखंच."

त्याने खुर्चीवर वाळूची पोती रचली. नव्वद किलो, मोजून. वहिनीला जिन्याच्या तोंडाशी उभं केलं. तिने ट्रॉली मागे कलती केली, एका हाताने मूठ धरली, दुसऱ्याने दांडा फिरवायला घेतला. दहा, अकरा, बारा. नव्वद किलो वाळू एक पायरी खाली उतरली आणि गप उभी राहिली. तिने घाबरत घाबरत दांडा सोडला. काही झालं नाही. तिने तोंडात बोटच घातलं.

"अगं बाई," ती पुटपुटली. "हे तर पोटच्या पोरापेक्षा ऐकतं."

दाराशी खुर्चीत बसून क्रेन बघत होता.

मग दोघांनी त्याला बसवलं, पट्टे बांधले. तिने खोलीतच ट्रॉली मागे कलती केली आणि सगळं वजन धाडकन तिच्या मनगटावर आलं. दिराने झडप घालून धरलं म्हणून बरं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. वजन तेच, ट्रॉली तीच, मग झालं काय? दीरही डोकं खाजवू लागला. झालं, सगळं मुसळ केरात, असं तिला वाटलं.

आणि क्रेन हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा खदखदून हसला.

"अरे शहाण्या, पोतं ढुंगणावर पसरतं. माणूस डोकं वर करून बसतो. वजन सारखं असेल, पण ते राहतं कुठे? धर नीट. हळूहळू मागे ने मला."

दिराने धरलं. क्रेनने डोळे मिटले. "अजून... अजून थोडं... थांब! आता सोड. दोन बोटांवर धर."

दिराने मूठ दोन बोटांवर धरली. नव्वद किलोचा माणूस किंचित कलता होऊन अधांतरी राहिल्यासारखा राहिला.

"प्रत्येक ओझ्याची एक जागा असते," क्रेन डोळे मिटूनच म्हणाला. "तिथे ते कुणाच्याच अंगावर नसतं. ती सापडली की कपाटसुद्धा पाठीवर झोप काढतं. त्या दिवशी मी घाई केली, नाही शोधली. आता बघ, मला इथवरच कलवलं तर खुर्ची पायरीला घासेल. अजून कलवायला हवं, आणि तरी ही जागा सुटायला नको. चाकं मागे घे. चार बोटं."

पंचवीस वर्षं संसार करून बायकोला वाटत होतं, आपला नवरा ताकदीवर ओझी वाहतो. ती त्याच्याकडे नव्याने बघत राहिली. दिराने वर्कशॉपमध्ये नेऊन, टेप लावून, हिशेब मांडून पाहिलं. चार बोटंच निघाली. रातोरात त्याने चाकं तेवढी मागे बसवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. दिराला तिने वरच थांबवलं. "अट अट असते, भाऊजी." बेचाळीस पायऱ्या. पहिल्या पायरीला तिने बारा फेरे मोठ्याने मोजले. पाचव्या पायरीला तिच्या लक्षात आलं, की मुठीवर काहीच नाहीये. ट्रॉली होती, नवरा होता, त्याच्या मानेवरचा तीळ समोर दिसत होता, आणि हाताला मात्र रिकाम्या पिशवीइतकाही भार नव्हता. दुसऱ्या मजल्यावर शेजारीण दार उघडून बघत राहिली, तिचं दूध उतू गेलं तरी हलली नाही. पहिल्या मजल्यावर क्रेनने हात लांब करून भिंतीवरचा एक खरवडा चाचपला. "हा माझा," तो म्हणाला. "दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या फ्रीजचा."

शेवटची पायरी. बारा फेरे. मग सपाटी, मग दार, मग रस्ता.

उन्हात त्याने डोळे मिचमिचे केले. भाजीवाला होता, सायकली होत्या, कोपऱ्यावर जुने सोबती हातातले चहाचे कप तसेच धरून उभे होते. मग मान न वळवता क्रेनने नेहमीसारखंच विचारलं,

"जड झालो का गं?"

तिने मुठीकडे पाहिलं. नव्वद किलोचा तिचा नवरा तिच्या दोन बोटांवर होता. तिला उत्तर पाठ होतं, पण आज ते नुसतं पाठ म्हणायचं नव्हतं.

"नाही हो," ती म्हणाली. "अगदी खरं सांगते."

"आज खरं," तो म्हणाला आणि हात मागे नेऊन त्याने तिची ती दोन बोटं धरली.