पांढऱ्या कॉलरवरचे ठिपके

धाकटी सकाळी शिलाई मशीनवर बसली की आधी सुई घ्यायची आणि डाव्या हाताच्या बोटांना एकेकदा टोचून बघायची. दुखलं की जिवात जीव यायचा. हा काय खुळेपणा, असं तिचं तिलाच वाटे, पण हात ऐकायचा नाही.

खूळ उगाच शिरलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. आधी हाताला बधिरपणा, मग एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं, मग पायांनी दगा दिला. तपासण्यांचा रगाडा उपसल्यावर नाव कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. नुसत्या नजरेने गिऱ्हाइकाचं माप सांगणारी बाई आता चाकांच्या खुर्चीत बसून धाकटीने शिवलेले कपडे तपासायची. जिभेची धार तेवढी शाबूत होती.

गेल्या महिन्यात धाकटीच्या करंगळीला मुंग्या आल्या आणि तिला ताईचा बधिर हात आठवला. दोरे आणायला जाते अशी थाप मारून तिने थोरलीच्याच डॉक्टरीणबाईंना गाठलं. बाईंनी हातपाय नीट तपासले आणि काम करताना कशा बसता, ते करून दाखवायला लावलं. कोपर मशीनच्या कडेवर रेटून बसायची सवय तिथे पकडली गेली.

"नस दाबली जातेय. कोपराखाली कापडाची घडी ठेवा."

"आणि ताईचं दुखणं मला?"

"सख्ख्या बहिणीला असलं की धोका थोडा वाढतो, हे खरं. तरी शंभरातल्या सत्त्याण्णव जणींना काही होत नाही. आधीच सांगेल अशी तपासणी नाही. नवीन काही जाणवलं आणि दिवसभर टिकलं, तर या."

घरी पोहोचेपर्यंत धाकटी मनाने शंभरातल्या उरलेल्या तिघींत जाऊन बसली होती. घडीने आठ दिवसांत मुंग्या थांबल्या, सुई थांबली नाही. उलट ती जोरात टोचायला लागली.

मग हॉटेलचा मॅनेजर वाढप्यांचे तीन नवे शर्ट परत घेऊन आला. कॉलरच्या आतल्या बाजूला तपकिरी ठिपके होते.

"रक्त आहे हो हे. लोक जेवायला बसतात आमच्याकडे."

"संध्याकाळी स्वच्छ करून देते," थोरली म्हणाली. तो गेल्यावर तिने कॉलर चांगल्या डोळ्याजवळ धरली.

"काज करताना लागली असेल सुई," धाकटी म्हणाली.

"तीन कॉलरी, आणि प्रत्येकीवर ओळीने चार ठिपके. शेंड्या दुसऱ्या कुणाला लाव. हात दाखव."

धाकटीने हात पुढे केला. थोरलीने एकेक बोट उजेडाकडे वळवून पाहिलं.

"किती दिवस चाललंय?"

"महिना झाला."

"मला का नाही बोललीस?"

तुला काळजी नको म्हणून, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. धाकटीने तोंड उघडलंही त्याच तयारीने. पण महिनाभर गिळलेलं होतं ते बाहेर आलं.

"मला तुझ्यासारखं व्हायचं नाहीये, ताई."

बोलून गेली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज हिला अंघोळ घालायची, हिचे केस विंचरायचे, आणि मनात हे. आता ताई काहीतरी लागट बोलेल, बोलू दे, आपल्या लायकीचंच आहे, म्हणून ती मान खाली घालून थांबली.

एरवी सडेतोड उत्तर देणाऱ्या थोरलीने शर्ट उचलला. ती त्याची घडी घालत होती आणि बधिर हाताला ती जमत नव्हती. दोनदा उलगडून तिने शर्ट मांडीवर तसाच सोडून दिला.

"मलाही नव्हतं व्हायचं," ती म्हणाली.

आणि सहा वर्षांत पहिल्यांदा ती रडली. धाकटी तिच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली, पण गप्प हो असं काही म्हणाली नाही.