आतून फुटलेली काच

दूधवाला कितीही ओळखीचा असला तरी मी दुधात बोट बुडवून बघते. संशयी स्वभाव आहे माझा, गावात कुणालाही विचारा. त्यामुळे जावयाने दारात गाडी लावून, "आई, राहू गावाच्या पुढं टिपरमधून दगड उडाला, पुढची काच गेली बघा," असं सांगितलं तेव्हा मी आधी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि मग काचेकडं. बोलत होता माझ्याशी आणि बघत होता जमिनीकडं.

जावई म्हणजे सत्यजीत. रांजणगावच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे, कारेगावात राहतो. माझी वैष्णवी त्याला दिली. त्यांचा साई आता रांगायला लागलाय. हे तिघं कासुर्डीला सत्यजीतच्या बहिणीकडं, धनश्रीकडं गेले होते, तिच्या बाळाच्या बारशाला. परत जाताना तळेगावात माझ्याकडं थांबले.

बारशाला वरवंटा लागतो. त्याला बाळासारखं अंगडं-टोपडं घालतात आणि पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात. धनश्रीच्या घरात मिक्सरशिवाय काही नाही, म्हणून माझा वरवंटा मीच पाठवला होता. सोबत साईचं टोपडंही दिलं होतं, मी स्वतः विणलेलं, पोपटी लोकरीचं. आणि वैष्णवीला बजावलं होतं, "एकदा टोपडं घातलं का त्यो नुसता दगूड ऱ्हात न्हाई. येताना पायाशी टाकू नको, मांडीवर घेऊन ये."

"वरवंटा कुठं हाय गं?" मी विचारलं.

"तिथंच राहिला," वैष्णवी म्हणाली. जरा जास्तच लवकर म्हणाली.

सत्यजीत पिशवी घेऊन बाजारात गेला. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दारातच उभी राहिले, आणि मग त्याने खिळ्याला अडकवलेली किल्ली घेऊन गाडीपाशी गेले.

आमचे मालक, बबनराव, तळेगाव-शिरूर वडापची, सीटावर भाडं घेणारी जीप चालवतात. लग्न झाल्यापासून जीपच्या काचांनी माझा संसार पोखरलाय, तेव्हा काचेतलं मला कुणी शिकवू नये. बाजूची काच एकाच तुकड्याची असते, तापवून कडक केलेली. ती फुटली की साबुदाण्याचं पोतं फुटल्यासारखी सगळी खाली येते. पुढची तशी नसते. तिच्यात दोन काचा आणि मधे प्लास्टिकचा पापुद्रा असतो. ती फुटली तरी जाळं धरून जागच्या जागी उभी राहते, आणि कशाने फुटली त्याची खूण जपून ठेवते. रस्त्यावरचा खडा लागला तर खड्डा बाहेर पडतो आणि आतून हात फिरवला तर बहुतेक वेळा गुळगुळीत लागतं.

मी बाहेरून हात फिरवला. चिरा होत्या, पण खड्डा नव्हता. उलट काच बाहेरच्या अंगाला फुगली होती. मग दार उघडून आतून बघितलं. तिथं वाटीएवढा भाग चेचलेला होता आणि डॅशबोर्डवर काचेचा चुरा होता.

म्हणजे दगड बाहेरून आलाच नव्हता. आतून काहीतरी आदळलं होतं, आणि तेही बायकोच्या बाजूला.

घरात आले तर वैष्णवी साईला पाजत होती. पदर सरकला होता आणि डाव्या खांद्यापासून छातीवर तिरपा काळानिळा वळ दिसत होता, चांगला चार बोटं रुंद. मला बघून तिने पदर ओढून घेतला.

"काय झालं गं तिथं?"

"काय न्हाई. बॅगचा बंद रुतला."

बॅगेचा बंद! पट्ट्याचा वळ मला कळत नाही होय? आमच्या शेजारच्या सीमाच्या पाठीवर मी असले वळ बघितलेत, आणि तीसुद्धा दर वेळी असंच काहीतरी सांगायची. माणूस कंपनीतून इस्त्रीचा शर्ट घालून येतो, सासूला वाकून नमस्कार करतो, म्हणून तो घरात काय करतो ते थोडंच दिसतं? या मुलाने माझ्या लेकीचं डोकं काचेवर आपटलं असेल का? हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेचना. लेकीला आता परत पाठवायची नाही, असं मी चुलीपुढं उभी राहून ठरवूनसुद्धा टाकलं.

खात्री करायला धनश्रीला फोन लावला. बारशाची दोन वाक्यं बोलले आणि विचारलं, "आमचा वरवंटा नीट ठिवलाय ना?"

"वरवंटा? त्यो वहिनी घेऊन गेली की," ती म्हणाली.

खिळ्यावरची किल्ली घेतली आणि पुन्हा गाडीकडं निघाले. या वेळी चष्मा लावून काचेत बघितलं. चेचलेल्या जागी, चिरेत एक धागा अडकला होता. पोपटी लोकरीचा.

साईचं टोपडं!

पळत आत गेले. साईला वैष्णवीच्या हातातून अक्षरशः ओढून घेतलं आणि त्याचं सगळं डोकं चाचपलं. टाळू, कानामागं, मान. कुठं टेंगूळ नाही, ओरखडा नाही. त्याला वाटलं मी खेळतेय, तो खिदळायला लागला.

"आई, काय करतीस?"

त्याला तिच्याकडं दिलं आणि सरळ जाऊन डिकी उघडली. आत लहान मुलाची ती प्लास्टिकची सीट होती. सत्यजीतने ती साई पोटात असतानाच आणली होती. मागच्या बाकावर बांधायची आणि पोराला तिच्यात पट्ट्यांनी आवळायचं. मी तेव्हा त्याला तोंडावर सुनावलं होतं, "आईच्या मांडीवानी जागा हाय का दुसरी? पोराला काय चोरावानी बांधून नेता?" तेव्हापासून ती डिकीतच पडून असायची. सीटच्या मागं टोपडं घातलेला माझा वरवंटा होता. टोपडं फाटलं होतं आणि लोकरीत काच रुतली होती.

मागं चाहूल लागली. सत्यजीत भाजीची पिशवी घेऊन उभा होता, आणि दारात साईला कडेवर घेऊन वैष्णवी.

"माझ्या लेकीवर हात उचलला का तुम्ही?" मी विचारलं.

सत्यजीतने पिशवी खाली ठेवली. बोलली ती वैष्णवी.

"आई, त्यो सीट बेल्टचा वळ हाय गं." ती पायरीवर बसली. "राहूच्या पुढं एक मोटारसायकल उलट्या बाजूनं अंगावर आली. ह्यांनी ब्रेक मारला. मला बेल्टनं धरलं, पण मांडीवरचा वरवंटा गेला. दोन्ही हातांनी घट्ट धरला व्हता मी. तरी गेला."

"आन् साई?"

"मागं, सीटमंदी झोपला व्हता. जाताना माझ्या मांडीवरच बसून गेला, तुला आवडतं तसा. येताना मांडीवर तुझा वरवंटा व्हता. पायाशी ठिवायचा न्हाई म्हणालीस ना. मग हे म्हणले, पोराला मागं ठिवू." तिने साईला जवळ ओढलं. "म्हणून वाचला, आई. न्हाईतर माझ्या हातात त्यो असता."

मी काचेकडं बघितलं. मग सत्यजीतकडं.

"मग दगूड उडाला म्हणून का सांगितलं?"

"तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही जेवला नसता, आई," तो म्हणाला. "सीट तुम्हीच काढायला लावली व्हती. रात्र-रात्र तेच घेऊन बसला असता. मीच म्हणालो हिला, सांगू नको. सीटपण तुमच्या गल्लीच्या तोंडाशी काढून डिकीत टाकली."

ज्या माणसाला मी दुपारभर मनातल्या मनात पोलिसांच्या हवाली करत होते, तो मला झोप लागावी म्हणून खोटं बोलला होता. मला त्याच्याकडं बघवेना. टोपडं उतरवलं आणि वरवंटा पदराने पुसत बसले. लेकीचे हात माझ्यासारखेच आहेत, दणकट. विहिरीतून भरलेली बादली सहज ओढते. त्या हातांना एवढासा दगड धरवला नव्हता.

संध्याकाळी ते निघाले. शिरूरला काच बदलून मग कारेगावला जाणार होते. वैष्णवी सवयीने साईला घेऊन पुढचं दार उघडत होती.

"आण त्याला हिकडं," मी म्हणाले.

मागच्या बाकावर सत्यजीतने सीट बांधून दिली. साईला मीच आत बसवलं. पट्टे कसे लावायचे ते दोनदा विचारलं, आणि लावल्यावर ओढून बघितले. तसा त्याने भोकाड पसरलं. तोंड लाल करून माझ्याकडं दोन्ही हात पसरले.

माझे हात आपोआप पुढं गेले होते. ते मागं घेतले आणि दार लावलं.